एकतीस टक्के

बसा. गाड्या लावल्यात ना चार्जिंगला? मग पाऊण तास तुम्हाला कुठं जाता येत नाही आणि मला तुम्हाला हाकलता येत नाही. स्वराज, ती खुर्ची नको घेऊ, तिचा पाय गेलाय. इकडं कट्ट्यावर बस. तुमच्यातले दोघे चिंचवडचे, म्हणून जरा सुधारून बोलतो. नाहीतर आमची मावळची भाषा तुम्हाला कळायची नाही आणि परत मलाच हसाल.

मी काही जन्मापासून या चार्जिंगवर राखणीला नाही. सव्वीस वर्षं कामशेत ते पवनानगर जीप मारली. नऊ माणसांची गाडी, सोळा बसवायचो आणि वर टपावर करवंदाच्या पाट्या. आता पाहुणे मोबाईलवर बोट ठेवतात आणि तुम्ही जाता. चांगलंच आहे, मी कुणाला नावं ठेवत नाही.

आता हिला भुताची गोष्ट म्हणा, नाहीतर नका म्हणू. मी भूत बघितलेलं नाही. ज्याच्यावर हे बेतलं तो कैलास, मळवलीचा, माझ्या जुन्या दोस्ताचा मुलगा. खोटं बोलणारा पोरगा नाही तो. एकदाच बोलला. ते खोटं त्याला मी शिकवलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटपर्यंत घशात अडकून राहील.

कैलासकडे आधी डिझेलची गाडी होती. सहा वर्षं मोबाईलवरची भाडी मारली तिच्यावर. आवाज असा की गाडी मळवलीच्या फाटकापाशी आली की त्याची बायको सारिका तवा चढवायची. मग डिझेल परवडेना, म्हणून ती विकली आणि दोन हजार चोवीस सालच्या दिवाळीत, पाडव्याला, इलेक्ट्रिक घेतली. पांढरी. पोरगा नुसता हवेत होता. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही. म्हणाला, "आबा, म्हैनाभर तरी नवी ऱ्हाऊ दे."

इथंच यायचा चार्जिंगला, तुम्ही बसलाय तिथंच बसायचा. एकदा मला म्हणाला, नको असलेलं भाडं आलं तर काय करायचं? आपण रद्द केलं तर कंपनी पुढची भाडी देत नाही. मी म्हटलं, "तू कशाला रद्द करतोस? फोन लावायचा, कुटं जायचंय इचारायचं, आन् न्हाई पटलं तर सांगायचं, चार्जिंग न्हाई, तुमीच कॅन्सल करा. गाडीचा आकडा कोन बगायला येतंय?" आमच्या वेळी आम्ही डिझेल संपलंय म्हणायचो. लोक टाकीवर टिचकी मारून बघायचे आणि शिव्या घालायचे. बॅटरीवर कोण टिचकी मारणार? दोघंही हसलो.

हसू नकोस स्वराज. तूही करतोस, माहीत आहे मला.

तर तो दिवस मंगळवार, सव्वीस नोव्हेंबर. कार्तिक वद्य एकादशी. संध्याकाळी कैलासला लोणावळ्याचं भाडं लागलं. नवरा-बायको आणि वाढदिवसाचा केक, पवनेच्या काठावरच्या एका कँपवर सोडायचा होता. केक पुढच्या सीटवर ठेवला आणि बाई सारखी म्हणत होती, हळू चालवा, वरचं क्रीम बिघडेल. कैलासनं तळहातावर दिवा न्यावा तशी गाडी नेली. त्यांनी त्याला केकचा तुकडाही दिला. तो खाऊन, हात पुसून, नऊ वाजता तो घरी निघाला. गाडीत एकतीस टक्के चार्जिंग होतं. तुम्हीच सांगा, एकतीसमध्ये किती जाते गाडी? सत्तर किलोमीटर? तेवढीच जाते.

धरणाच्या कडेनं येताना मोबाईल वाजला. भाडं आलं. घराच्या वाटेवरचंच असेल म्हणून त्यानं न बघता घेतलं आणि मग फोन लावला. पलीकडं म्हातारा माणूस होता.

"कुटं जायचंय, बाबा?"

"तळेगावला, दवाखान्यात. बाईला दम लागलाय. उंबराच्या फाट्याव हाय आमी. तुमी कुटं हाय?"

हा शिदू. वरच्या ठाकरवाडीतला. कँपवर तंबू ठोकायचं काम करतो. त्याला वाचता येत नाही, पण पाहुण्यांसाठी गाडी मागवायला कँपवाल्यांनी त्याला मोबाईल शिकवलेला. हे दाब, मग हे दाब, गाडी येते. त्या रात्री त्यानं पहिल्यांदा स्वतःसाठी गाडी मागवली. त्याच्या बायकोचं नाव बाया, तिला मी ओळखत होतो. वीस वर्षं माझ्या जीपनं करवंदं घेऊन कामशेतला आली. कधी पुढं बसली नाही. बस म्हटलं तरी मागं, दाराशी बसायची.

कैलासच्या मनात काय आलं ते त्यानं मला नंतर सांगितलं, आणि काही लपवलं नाही. आजारी बाई आहे. उलटी होईल. नाहीतर गाडीतच काही झालं तर? घेऊन महिनासुद्धा नाही झाला, पूजेची फुलं अजून पुढं लटकतायत. नव्या गाडीत माणूस मेलं तर गाडी लाभत नाही असं आपल्याकडं म्हणतात. मीही म्हणत आलोय. आणि मग त्याला माझे शब्द आठवले.

"बाबा, चार्जिंग न्हाई गाडीत. तळेगावपतुर न्हाई जायची. तुमी कॅन्सल करा अन् दुसरी मागवा."

"दुसरी दावत न्हाई ओ. तुमचीच एक दावतीय."

"मग एसटीला बगा."

"एसटी गेली सातलाच. मी काय कॅन्सल करनार न्हाई. तुमी या. जितपतुर जाईल तितपतुर जाऊ. आमी थांबतो."

कैलासनं फोन कट केला. मग मोबाईलच बंद केला.

पण घरी जायचं तर वाट उंबराच्या फाट्यावरूनच होती.

डिझेलची गाडी असती ना, तर त्याला थांबावंच लागलं असतं. लांबून आवाज आला असता, म्हातारा रस्त्यात आला असता, हात आडवे केले असते. लाजेखातर का होईना, थांबला असता. ही गाडी बोलत नाही. त्यानं हेडलाईट बंद केले. रस्ता पाठ होता, उतार होता, आणि धरणावरून वारा सुटला होता.

फाट्यावर शिदू उभा होता. गाड्या नेहमी पवनानगरकडून येतात, म्हणून तो तिकडं तोंड करून उभा. कैलासकडं त्याची पाठ. बाया खाली बसलेली, गोधडी गुंडाळून. विजेरी दगडावर ठेवली होती, तिचा उजेड म्हातारीच्या तोंडावर.

शिदूनं वळून बघितलं नाही. त्याला काही ऐकूच आलं नाही.

बायानं बघितलं.

तिला हाक मारायला दम नव्हता. तिनं हात वर केला. आम्ही जीप थांबवायचो तसा, साधा हात. आणि कैलास तिच्यापासून चार हातांवरून पुढं गेला.

बाया त्या रात्री साडेदहाच्या सुमाराला गेली. तिथंच, फाट्यावर. अकराला दुधाचा टेम्पो आला, त्यात घालून तिला वाडीच्या पायथ्याला परत आणली.

मला तिसऱ्या दिवशी कळलं. कैलास चार्जिंगला आला तेव्हा मी त्याला सहज म्हटलं, अरे, उंबराच्या फाट्यावर शिदूची बाई गेली, गाडी नाही मिळाली म्हणे. त्याच्या हातात चहाचा ग्लास होता. तो त्यानं खाली ठेवला, नीट, कडेला, आणि मग सगळं सांगितलं.

मी म्हटलं, "तुजा काय दोष? चार्जिंगच नव्हतं तर…"

"एकतीस टक्के हुतं, आबा."

"आं?"

"एकतीस. तळेगावला जाऊन घरी आलो असतो."

ते खोटं माझ्याच तोंडचं होतं. मग तो म्हणाला, वाडीवर जाऊन शिदूला सांगतो. पाया पडतो. आणि मी, हा तुमच्यासमोर बसलेला शहाणा माणूस, मी त्याला म्हटलं, "नगं जाऊ. मेलेलं मानूस काय परत यायचं न्हाई. त्याला म्हाईत न्हाई त्येच बरं." तो गेला नाही. एकदा तांदळाचं पोतं घेऊन वाडीच्या वाटेपर्यंत गेला होता म्हणे, पण गाडीतून उतरलाच नाही. पोतं तसंच घरी आणलं.

त्यानंतर महिनाभर त्यानं तो रस्ता टाळला. पवनेचं भाडं आलं तर कामशेतवरून फिरून जायचा. सीटवरचं प्लॅस्टिक तसंच होतं. सारिकानं काढू म्हटलं, तर काढू देईना. का, ते त्यालाही सांगता येईना.

मग आली तीस डिसेंबर. सोमवार, सोमवती अमावस्या. एकतीसच्या गर्दीच्या आदल्या दिवशी सगळा पवनेचा काठ तंबूंनी भरलेला. कैलासला लोणावळ्याहून चार मुली सोडायच्या होत्या. सोडल्या. परत निघाला तर कामशेतच्या बाजूनं बस अडकलेली, गाड्यांची रांग लागलेली. सारिकाचा फोन, पोरीला ताप आहे, लवकर या.

एकच रस्ता उरला.

त्यानं भाड्याचं ॲप बंद केलं. ते दोनदा बघितलं. आणि निघाला.

फाटा आला तेव्हा घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. या वेळी त्यानं हेडलाईट पूर्ण लावले होते. कुणी नव्हतं. दगड होता, उंबर होतं, बाकी काळोख. त्यानं मान वळवली नाही. पुढं बघत गेला. फाटा मागं पडला. सुटलो, असं त्याला वाटलं.

आणि गाडी वाजली.

टिंग.

तुम्हाला माहीत आहे तो आवाज. मागं कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की येतो. समोर लाल चित्र येतं, कुठल्या सीटवर ते दाखवतं.

टिंग… टिंग…

मागची डावी सीट. दाराशी.

त्याला वाटलं मुलींची बॅग राहिली. गाडी थांबवली. आतला दिवा लावला. मागं वळला.

बॅग नव्हती. काहीच नव्हतं.

टिंग…

सेन्सर बिघडला असेल. होतं असं. गाडी पुढं घेतली. आणि… तुम्हाला सांगतो, इंजिनाचा आवाज असता ना, तर हे त्याला कधी ऐकू आलं नसतं.

प्लॅस्टिक वाजलं.

सीटवरचं. कुणी अंग चोरून सरकावं तसं. चरचर… आणि बंद.

मग धाप.

आत ओढलेला श्वास. मध्येच अडकलेला. थोडा वेळ काही नाही… मग बाहेर.

त्यानं पुन्हा गाडी थांबवली. आता मागं वळायची हिंमत होईना. आरसा होता. आरशात बघितलं. सीट रिकामी. पण प्लॅस्टिक दबलेलं. मधोमध. थोडंसंच. अशक्त माणूस बसल्यावर दबेल तेवढं.

टिंग… टिंग… टिंग…

पळावं, असं आधी वाटलं, म्हणाला. दार उघडून पळावं. मग वाटलं, कुठं? एकदा पळालो, त्याचंच तर हे.

तो उतरला. मागचं दार उघडलं. पट्टा ओढला. रिकाम्या सीटवरून… अंगाला लागू नये असा, लांबून… आणि अडकवला.

आवाज थांबला.

"मावशी," तो म्हणाला. "चला."

घर डावीकडं होतं. घरी पोरगी तापानं फणफणलेली. त्यानं गाडी उजवीकडं वळवली. पवनानगर. तिथून कामशेत. अडकलेली बस तोवर निघाली होती, रस्ता मोकळा. सगळी वाट तो बोलत होता. काय बोलत होता ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मागं श्वास चालू होता. आत… अडकून… बाहेर. कामशेत सोडल्यावर दोन श्वासांतलं अंतर वाढलं. त्यानं गाडी पळवली. वडगावला आणखी वाढलं. रडत होता तो.

"आलंच मावशी. आलंच. थांबा."

दवाखान्याचं फाटक दिसलं, तेव्हा मागं काही ऐकू येत नव्हतं.

तो उतरला. दार उघडलं. पट्टा काढला. आणि दार धरून उभा राहिला, म्हाताऱ्या माणसाला उतरायला वेळ लागतो तेवढा. राखणदारानं विचारलं, पेशंट कुठाय? हा सीटकडंच बघत होता.

सीटवरचं दबलेलं प्लॅस्टिक… हळूहळू वर आलं. चर्र. एकदाच.

साडेदहाला तो इथं आला. मी त्याला पाणी दिलं, पोरीची चौकशी करायला सारिकाला फोन लावला. ताप उतरला होता. मग मी त्याचा मोबाईल मागून घेतला आणि बघितला. ॲप बंदच होतं. त्या रात्री चार मुलींनंतर एकही फेरी नाही. मी म्हटलं, तुझ्या मनाचा खेळ आहे. असं म्हणायचं असतं म्हणून म्हटलं.

इथं गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला सांगितली नसती.

दोन दिवसांनी, दोन जानेवारीला, दिवस मावळताना शिदू आला. मीठ-मिरची घ्यायला खाली कामशेतला उतरला होता. माझ्याकडं आला, कारण त्याच्या ओळखीत वाचता येणारा मीच. चहा घेतला. बायाचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. मग त्यानं बंडीतून मोबाईल काढला.

"भाऊ, हे बगा बरं काय आलंय. पाव्हन्यांची गाडी पोचली की ह्या चांदन्या येत्यात. पन मी तर कुनाला गाडी मागवली न्हाई."

मी चष्मा लावला.

फेरी पूर्ण झाली, असं लिहिलं होतं. तुमचा प्रवास कसा झाला? आणि खाली पाच रिकाम्या चांदण्या.

त्याच्या वर… उंबर फाटा ते तळेगाव, दवाखाना. मागणी, सव्वीस नोव्हेंबर. गाडीत बसले, तीस डिसेंबर, नऊ बारा. पोचले, दहा वाजून चार मिनिटं.

शिदूनं ती मागणी कधी रद्द केलीच नव्हती.

"काय म्हनतंय?"

मी चष्मा काढून पुसला.

"कुनाची फेरी हाय?"

"चुकून आली असंल," मी म्हटलं. दुसरं खोटं. तेही माझंच.

"किती मानसं हुती?"

"एक."

"बाई का बाप्या?"

"त्ये लिवत न्हाईत, शिदू."

त्यानं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. त्यात चालवणाऱ्याचा फोटो येतो. कैलासचा फोटो होता. नव्या गाडीजवळ काढलेला, कपाळाला गंध. शिदूनं त्याच्यावर अंगठा ठेवला.

"पोरगा चांगला दिसतोय. वळखता काय?"

मी सांगायला पाहिजे होतं. तिथंच, त्या क्षणी. कैलास महिनाभर सांगायला तडफडत होता आणि मी त्याला अडवलं होतं. आता म्हातारा स्वतः विचारत होता. तोंड उघडलं मी.

"न्हाई," म्हटलं.

"असू द्या. कुनाला तरी दवाखान्यात पोचवलं न्हवं त्यानं." आणि पाहुण्यांच्या प्रत्येक फेरीनंतर द्यायचा, तशा त्यानं बोटानं एकेक करून सगळ्या चांदण्या दिल्या. मीठ-मिरचीची पिशवी उचलली आणि गेला.

मी तसाच कैलासला फोन केला. म्हटलं, तुझा मोबाईल बघ. त्यानं बघितला. मग इथं आला आणि मला दाखवला.

तीस डिसेंबरला त्याच्या मोबाईलमध्ये चार मुलींची फेरी आहे. तिच्याखाली फेरी नाही. नाव नाही, ठिकाण नाही. नुसती वेळ आहे, दहा वाजून चार मिनिटं… आणि पाच चांदण्या.